कोहामध्ये तुमच्या पेपरची वाचनयादी कशी लावायची: नवीन जॉइन झालेल्या प्राध्यापकांसाठी

कॉलेज सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वर्गात वाचनयादी दिली जाते आणि त्याच दिवशी दुपारी आमच्या काउंटरला रांग लागते, हातात मोबाईल, मोबाईलवर फळ्याचा फोटो, "मॅडम हे पुस्तक आहे का?" पुस्तक असतं, पण प्रती तीनच. पहिली तीन मुलं घेऊन जातात, आठवडाभर त्या प्रती घरी राहतात, आणि बाकीची मुलं दोन दिवस चौकशी करून मग विचारायचंच सोडून देतात. हे दरवर्षी बघताना जीव तुटतो कारण पुस्तक लायब्ररीत आहे, पैसे देऊन घेतलंय, तुम्ही विचार करून निवडलंय, आणि तरी ते मुलांपर्यंत पोचत नाही.

यासाठी कोहामध्ये, म्हणजे लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'कोर्स रिझर्व्ह्ज' नावाची सोय आहे, २०१३ साली आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून आहे, आणि तरी कित्येक कॉलेजांत ती बंदच असते. नवीन शिक्षकांना कोणी सांगत नाही म्हणून सगळं एका जागी लिहितेय. (तुमच्याकडे सोल किंवा ई-ग्रंथालय असं दुसरं सॉफ्टवेअर असेल तर खालचे स्क्रीन जुळणार नाहीत, पण यादी तयार करण्याचा भाग तसाच लागू होईल.) कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक लायब्ररीसाठी बनलं, जानेवारी २००० पासून चालू आहे, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ते खरंच फुकट वापरता येतं म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांत एवढं पसरलंय.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे "पुस्तक रिझर्व्ह करून ठेवा" म्हणजे दुसऱ्याने नेलेलं पुस्तक परत आलं की मला द्या. कोहात त्याला 'होल्ड' म्हणतात. कोर्स रिझर्व्ह वेगळं: एखाद्या पेपरसाठी ठरावीक प्रती बाजूला काढायच्या, काउंटरमागे ठेवायच्या, आणि थोड्या थोड्या वेळासाठी सगळ्यांना फिरवायच्या. स्टाफशी बोलताना "कोर्स रिझर्व्ह" असं पूर्ण म्हणा, नाहीतर आम्ही तुमच्या नावावर होल्ड टाकून मोकळे होऊ.

पहिलं काम कागदावर

कॉम्प्युटर उघडायच्या आधी हा हिशोब करा. समजा वर्गात ६० मुलं, पुस्तकाच्या ३ प्रती. सात दिवसांसाठी घरी दिल्या तर आठवड्याला ३ मुलं वाचणार, म्हणजे सगळ्यांचा नंबर लागायला २० आठवडे, तोवर सेमिस्टर संपून परीक्षासुद्धा होऊन जाते. आता त्याच ३ प्रती दोन-दोन तासांसाठी लायब्ररीतच वाचायला दिल्या, लायब्ररी ९ ते ५ उघडी, तर एका प्रतीच्या दिवसाला ४ पाळ्या, तीन प्रतींच्या १२, आणि ५ दिवसांत ६० मुलं होतात. प्रती त्याच. फक्त देण्याचा नियम बदलला.

पण दोन तासांत काय वाचून होईल हे तुम्हीच ठरवायचंय. "हे पुस्तक वाचा" म्हटलं तर दोन तास कामाचे नाहीत, "प्रकरण ४, पान ८७ ते ११२" म्हटलं तर पुरतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढे प्रकरण, पानं आणि कुठल्या आठवड्यात लागणार हे लिहाच. हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळं भरू शकतो पण हे नाही.

यादीचे तीन भाग पाडा. सगळ्यांनी वाचायलाच हवं ते, वाचलं तर उत्तर चांगलं होईल ते, आणि ज्याला आवड आहे त्याच्यासाठीचं. कोर्स रिझर्व्हला फक्त पहिला भाग टाकायचा. माझं स्पष्ट मत आहे की एका पेपरला एका वेळी ८-१० पुस्तकांपेक्षा जास्त रिझर्व्ह नको. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेली संदर्भ ग्रंथांची यादी जशीच्या तशी पाठवू नका, त्यात कधी कधी बाजारात मिळतच नाहीत अशी पुस्तकंही असतात.

ओपॅकवर शोधा, आणि प्रती मोजा

ओपॅक म्हणजे कोहाचा सगळ्यांना दिसणारा कॅटलॉग. लायब्ररी कार्डाच्या नंबराने लॉगिन करा, पासवर्ड नसेल तर काउंटरला मागा, प्राध्यापकांचं खातंही मुलांसारखंच असतं आणि पुढे कोर्सला तुमचं नाव लावायला ते खातं लागणारच आहे.

शोधताना एक लक्षात ठेवा. मराठी पुस्तकं काही देवनागरीत चढवलेली असतात, काही जुनी रोमन अक्षरात, आणि हे एकाच लायब्ररीत. त्यामुळे देवनागरीत टाकून काही आलं नाही तर रोमनमध्ये टाका, 'भाषाविज्ञान' जोडून आलं नाही तर 'भाषा विज्ञान' तोडून टाका, नुसतं आडनाव टाका. "नाही" असा निष्कर्ष काढायच्या आधी काउंटरला येऊन विचारा, मी स्वतः शेल्फवर पुस्तक हातात धरून मग त्याची नोंद कुठल्या स्पेलिंगने आहे हे शोधलंय बऱ्याचदा.

पुस्तक सापडलं की त्याच्यावर क्लिक करा आणि खाली प्रतींचा तक्ता बघा. इथे कोहाची एक मूळ गोष्ट समजून घ्या. नोंद एक असते, म्हणजे नाव, लेखक, आवृत्ती, प्रकाशक. त्या नोंदीखाली प्रती अनेक, प्रत्येकीचा बारकोड वेगळा. कोर्स रिझर्व्ह साधारणपणे प्रतीवर लागतं. ५ प्रती असतील तर ३ रिझर्व्हला ठेवून २ घरी न्यायला मोकळ्या सोडता येतात, आणि तसंच करा. मी आधी ज्या लायब्ररीत होते तिथे एकदा एका पेपरच्या सगळ्याच्या सगळ्या प्रती रिझर्व्हला टाकल्या गेल्या, आणि लांबच्या गावावरून एसटीने येणारी मुलं, ज्यांना चारच्या गाडीला जायचं असतं, त्यांना लायब्ररीत बसून वाचायला वेळच मिळेना. निदान एक प्रत तरी घरी न्यायला राहू द्या.

आवृत्तीही बघा. तुम्ही तिसरी आवृत्ती शिकवताय आणि आमच्याकडे पहिलीच आहे असं झालं तर पान नंबर जुळत नाहीत. अशा वेळी पानांऐवजी प्रकरणाचं नाव द्या.

तुमची यादी कोहातच बनवा

हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. सर्च रिझल्टमध्ये हव्या त्या पुस्तकांसमोर टिक करा, वर 'अॅड टू' मध्ये जाऊन 'न्यू लिस्ट' निवडा, नाव द्या. नाव नीट द्या हो, 'माय लिस्ट' किंवा 'न्यू' असं नको, 'एसवायबीए अर्थशास्त्र पेपर ३ सेम ३' असं द्या म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हालाच कळेल. लिस्ट प्रायव्हेट ठेवा, ती फक्त तुम्हाला दिसेल. नंतर दुसरी पुस्तकं सापडली की त्याच लिस्टमध्ये घालत जा, नको ते काढून टाका. झाली की लिस्ट उघडून 'सेंड लिस्ट' करा, ती आमच्या ईमेलवर येते.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. फोटोवरून आम्हाला प्रत्येक नाव परत टाइप करून शोधायला लागतं, अक्षर लागत नाही, एका नावाची तीन पुस्तकं निघतात. लिस्ट आली की नेमकी नोंद समोर असते.

त्या ईमेलमध्येच चार ओळी अजून लिहा: पेपरचं नाव आणि कोड, वर्ग आणि डिव्हिजन, मुलांची संख्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. आणि प्रत्येक पुस्तकापुढे किती प्रती, किती वेळासाठी, कुठलं प्रकरण. कधी पाठवायचं? शिकवायला सुरुवात करायच्या निदान दोन आठवडे आधी. कारण प्रती बाहेर गेलेल्या असतात, त्या परत मागवाव्या लागतात. आधीच कोणाकडे इश्यू असलेल्या प्रतीला नवा दोन तासांचा नियम लागत नाही, त्या मुलाला जी तारीख दिलीय त्या तारखेपर्यंत ती त्याच्याकडे राहणार.

स्टाफ बाजूला काय होतं

हे बहुतेक वेळा आम्हीच करतो, पण काही कॉलेजात शिक्षकांनाही परवानगी दिलेली असते, आणि नसली तरी काय मागायचं ते कळावं म्हणून वाचा.

सुरुवातीची मांडणी एकदाच करायची. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये (कोहाच्या मुख्य सेटिंग्ज) 'यूज कोर्स रिझर्व्ह्ज' चालू करायचं. मग ऑथराइज्ड व्हॅल्यूजमध्ये (फॉर्ममध्ये निवडायचे पर्याय जिथे भरतात तिथे) 'डिपार्टमेंट' आणि 'टर्म' हे दोन याद्यांचे प्रकार भरायचे, डिपार्टमेंटमध्ये मराठी, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र वगैरे, टर्ममध्ये सेमिस्टर. डिपार्टमेंट रिकामं राहिलं तर कोर्स सेव्हच होत नाही आणि नवीन माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. परवानग्या तीन आहेत, कोर्स बनवणं, प्रती घालणं, प्रती काढणं, आणि त्या वेगवेगळ्या देता येतात. शिक्षकाला फक्त प्रती घालण्या-काढण्याची दिली तरी काम भागतं, पण लक्षात घ्या की ती सगळ्याच कोर्सना लागू होते, तुमच्या एकट्याच्या नाही, म्हणून दुसऱ्याच्या पेपरला हात लावताना विचारून.

मग एक नवा आयटम टाइप, म्हणजे प्रतीचा प्रकार, बनवायचा, आम्ही त्याला 'रिझर्व्ह २ तास' म्हणतो, आणि सर्क्युलेशन रूल्समध्ये (पुस्तक देण्या-घेण्याचे नियम) त्या टाइपला लोन पिरियड २, युनिट अवर्स, रिन्यूअल शून्य असं लावायचं. रात्रीपुरतं घरी द्यायचं असेल तर एक दिवसाचा दुसरा टाइप. दिवसांचा हिशोब असेल तिथे कॅलेंडरमध्ये गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या भरलेल्या हव्यात, नाहीतर परत करायची तारीख सुट्टीच्या दिवशी येते आणि मुलगा बंद दारासमोर उभा. आणि आयटम टाइप नोंदीवरून न घेता प्रतीवरून घ्यायचा असं प्रेफरन्समध्ये सेट असायला हवं, ते नसेल तर प्रतीचा टाइप बदलूनही इश्यूला जुनाच नियम लागतो. नियम लागत नाहीयेत अशी तक्रार आली की मी पहिलं हेच तपासते.

आता 'न्यू कोर्स'. डिपार्टमेंट, कोर्स नंबर, कोर्सचं नाव ही तीन सक्तीची. सेक्शनमध्ये डिव्हिजन टाकायची. 'इन्स्ट्रक्टर्स' मध्ये तुमचं नाव किंवा कार्ड नंबर टाइप केला की खातं सापडतं, दोघं मिळून पेपर शिकवत असाल तर दोघांची नावं घाला, कारण मुलं कोर्स कोडने नाही, "त्या मॅडमचा पेपर" असंच शोधतात. 'स्टाफ नोट' फक्त आम्हाला दिसते, 'पब्लिक नोट' मुलांना. मुलांची संख्या टाका. शेवटी 'एनेबल्ड' ला टिक, ती नसेल तर ओपॅकवर कोर्स दिसतच नाही.

कोर्स उघडून 'अॅड रिझर्व्ह्ज' वर जायचं आणि प्रतीचा बारकोड स्कॅन करायचा. समोर फॉर्म येतो: आयटम टाइप, कलेक्शन कोड, शेल्फची जागा, होल्डिंग लायब्ररी. जे बदलायचंय तेवढंच बदला, म्हणजे टाइप 'रिझर्व्ह २ तास', जागा 'काउंटरमागे', बाकी हात लावू नका. सुंदर गोष्ट ही की कोहा प्रतीची मूळ माहिती आठवणीत ठेवतं. कोर्स बंद केला किंवा प्रत यादीतून काढली की जुना टाइप, जुनी जागा आपोआप परत येते, कुठे लिहून ठेवायची गरज नाही.

याच फॉर्मवरच्या पब्लिक नोटमध्ये तुमचं ते "आठवडा ३, प्रकरण ४, पान ८७–११२" जातं. माझ्या दृष्टीने सगळ्या फॉर्ममधला सर्वात किमती रकाना हाच, आणि नेमका हाच रिकामा राहतो.

प्रती जास्त असतील तर 'बॅच अॅड' आहे, एका ओळीत एक बारकोड असे सगळे पेस्ट करायचे.

एकच प्रत दोन पेपरना लागली तर? चालतं. राज्यशास्त्र आणि इतिहास दोघांना एकच पुस्तक हवं असेल तर तीच प्रत दोन्ही कोर्सना घालता येते, स्क्रीनवर 'अदर कोर्स रिझर्व्ह्ज' च्या रकान्यात दुसऱ्या पेपरचं नाव दिसतं. पण प्रत एक म्हणजे तिचा टाइपही एकच, एकाने दोन तास आणि दुसऱ्याने एक रात्र असं होणार नाही. आणि एक कोर्स बंद केला तरी दुसरा चालू असेपर्यंत ती प्रत रिझर्व्हच राहते. "मी काढलं तरी ते घरी का देत नाही" असं कोणी विचारलं की कारण बहुधा हेच असतं. दोन्ही शिक्षकांनी एकदा बोलून ठरवून घ्या.

पुस्तक लायब्ररीत नसेलच तर

ओपॅकवर लॉगिन करून 'परचेस सजेशन' भरा. नाव, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन, आणि नोटमध्ये कुठल्या पेपरसाठी व किती मुलांसाठी ते लिहा. लायब्ररी कमिटीच्या मीटिंगमध्ये "६० मुलांना लागतं" हे लिहिलेलं सजेशन आणि नुसतं नाव असलेलं सजेशन यात फार फरक पडतो, मी दोन्ही प्रकारची पुढे जाताना आणि अडकताना पाहिली आहेत. तुमच्या खात्यात त्याची स्थितीही दिसते.

खरेदीला वेळ लागतो. तोवर तुमची स्वतःची प्रत द्यायची तयारी असेल तर 'फास्ट कॅटलॉगिंग' ने दोन मिनिटांत तात्पुरती नोंद करून बारकोड लावता येतो आणि ती कोर्सला जोडता येते. आतल्या पानावर तुमचं नाव लिहा आणि स्टाफ नोटमध्ये "शिक्षकांची वैयक्तिक प्रत, सेमिस्टरअखेर परत" असं घालायला सांगा, म्हणजे ती दाखल पुस्तकांत मिसळत नाही.

ई-बुक असेल तर नोंदीत लिंक घालतात. नव्या आवृत्त्यांमध्ये प्रत नसलेली नुसती नोंदही कोर्सला लावता येते, जुन्या कोहात नाही. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन सेवेतलं पुस्तक असेल तर मुलांची एन-लिस्टची लॉगिनं तयार आहेत का ते आधी विचारा, लिंक देऊन पासवर्ड नसेल तर काय उपयोग. मराठी विश्वकोशातली नोंद किंवा नॅशनल डिजिटल लायब्ररीवरचं काही असेल तर पब्लिक नोटमध्ये नीट नाव लिहून द्या. विश्वकोश सगळ्यांना मोकळा आहे, नॅशनल डिजिटल लायब्ररीवरचं मात्र सगळंच मोकळं नसतं, आधी स्वतः उघडून बघा.

झेरॉक्सचं विचारतात नेहमी. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला होता, अभ्यासक्रमाच्या उताऱ्यांचे संच विकतात म्हणून. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिकवण्यासाठी लागेल तेवढी नक्कल करता येते हे तत्त्व मान्य केलं पण काही मुद्दे तपासायला खटला परत खाली पाठवला, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणून नेमलेल्या प्रकरणाची झेरॉक्स करून फाईल काउंटरला ठेवायला आम्ही तयार असतो. पूर्ण पुस्तक स्कॅन करून पीडीएफ ग्रुपवर टाकणं ही वेगळी गोष्ट, ते आमच्याकडून होणार नाही.

लागलं का ते स्वतः बघा

लॉगआउट करा, मोबाईलवर ओपॅक उघडा, मुलांना दिसतं तसं. सर्चच्या खाली 'कोर्स रिझर्व्ह्ज' ची लिंक असते, त्यात पेपरचं किंवा तुमचं नाव शोधा. पुस्तकं दिसतात का, कॉल नंबर (पुस्तकाच्या कण्यावरचा वर्गीकरणाचा नंबर), जागा, प्रत हजर आहे की इश्यू झालीय, तुमची पान नंबरची नोट, सगळं दिसायला हवं. मग वर्गात पाच मिनिटं देऊन प्रोजेक्टरवर एकदा उघडून दाखवा. नुसतं "ओपॅकवर आहे" म्हणून सांगितलं की मुलं येत नाहीत, दाखवलं की येतात, हे मी बघितलंय. ज्या पानावर तुमचा कोर्स उघडतो त्याची लिंक ग्रुपवर टाकून ठेवा.

मधल्या काळात

यादी लावून विसरू नका. आठवडा ३ चं पुस्तक आठवडा ६ ला कोणी विचारत नसेल तर ते मोकळं करा, दुसऱ्या कोणाला तरी घरी न्यायला मिळेल. 'बॅच रिमूव्ह' मध्ये बारकोड पेस्ट केले की निघतात, पण ते सगळ्या कोर्समधून निघतात, त्यामुळे दुसऱ्या पेपरलाही लागलेली प्रत असेल तर कोर्स उघडून एकेक काढा. आणि दर पंधरा दिवसांनी काउंटरला एकदा विचारा की कुठल्या पुस्तकाला मुलं परत जातायत. एका पेपरला तीनपैकी दोन पुस्तकं दिवसभर नुसती पडून होती आणि तिसऱ्यासाठी रोज वाद, तिथे शिक्षकांनी घरी न्यायच्या दोन प्रतींपैकी एक रिझर्व्हला घ्यायला सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी वाद मिटला. आम्ही आकडे सांगू शकतो, निर्णय तुमचा.

सेमिस्टर संपताना

कोर्स डिलीट करू नका. नुसती 'एनेबल्ड' ची टिक काढा. प्रती मूळ टाइपवर, मूळ जागेवर जातात, मुलांना यादी दिसायची बंद होते, पण तुम्ही भरलेल्या नोट्स आणि प्रतींची जोडणी तशीच राहते. पुढच्या वर्षी तोच पेपर आला की टिक परत लावायची, आणि फक्त काय बदललं ते दुरुस्त करायचं. अभ्यासक्रम बदलला असेल तर टिक लावायच्या आधी यादी वाचून काढा, जुनी पुस्तकं तशीच पुन्हा रिझर्व्हला अडकतात.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत परत गेली तरी प्रत्यक्ष पुस्तक काउंटरमागेच पडलेलं असतं आणि त्याच्या कण्यावर आमचा लाल स्टिकर. टिक काढली त्याच दिवशी काउंटरला सांगा, म्हणजे मामा ती पुस्तकं स्टिकर काढून शेल्फवर लावून घेतात, आणि तुमची स्वतःची प्रत असेल तर तीही तेव्हाच सही करून परत घेऊन जा.